आकडेमोड : सातच्या पायाचं बटण कुठे असतं?

गेल्या अंकात मी लॉगरिदमबद्दल एक ओळ लिहिली, तीही जाता जाता. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषयच घेता येणार नाही. दोन पत्रं पावसात भिजून शाई पसरलेली होती. ती वाचायला मला फोंड्याच्या आमच्या गॅलरीत उजेडाला धरून बसावं लागलं. शाईच्या पेनाने लिहिणारे वाचक अजून आहेत याचा आनंद झाला, पण श्रावणात तरी बॉलपेन वापरा.

प्रश्न : टीचर, मी अकरावी सायन्सला आहे. ७ या बेसला ५० चा लॉग काढायचा होता. माझ्या कॅल्क्युलेटरवर ७ बेसचं बटणच नाही. सरांनी सांगितलं, लॉग ५० भागिले लॉग ७ कर. मी आणि ताईने एकाच वेळी, तीच बटणं, त्याच क्रमाने दाबली. तिच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर २.०१०४ आलं आणि माझ्या नव्यावर १.७७२१. माझा बिघडलाय का? (अकरावीचा विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : बिघडलेला नाही रे बाबा. ताईचं उत्तर बरोबर आहे, पण तुझ्या मशीनने तुला जे विचारायचं नव्हतं त्याचं अगदी बरोबर उत्तर दिलंय.

कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी एक काम करायचं होतं, ते तुम्ही दोघांनीही केलं नाहीत. ७ च्या पायाला, तुझ्या भाषेत बेसला, ५० चा लॉग म्हणजे काय? सातचा कितवा घात केला की पन्नास येतात, एवढंच. सात साते एकूणपन्नास. म्हणजे दुसऱ्या घाताला आपण पन्नासच्या उंबऱ्यावर उभे आहोत, फक्त एक कमी. तेव्हा उत्तर दोनहून रेसभर जास्त असणार. १.७७ दिसल्याबरोबर तुला हसू यायला हवं होतं. १.७७ म्हणजे दोनपेक्षा कमी, आणि दोनपेक्षा कमी घाताने ४९ सुद्धा गाठता येत नाहीत.

आता तुझं १.७७२१ आलं कुठून? हे मी माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारचे कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून पाहिलं. ताईचा जुन्या धर्तीचा असणार, लॉगचं बटण दाबलं की नुसतं 'लॉग' उमटतं. तो लॉग लगेच पुढच्या आकड्याला चिकटतो आणि भागाकार नंतर होतो. तुझ्या नव्यावर तेच बटण दाबलं की 'लॉग' आणि त्याच्यापुढे एक कंस उघडून येतो. तो उघडा कंस तुझ्या नजरेतून सुटला. तू ५० लिहिलेस, कंस बंद न करता भागिलेचं बटण दाबलंस, पुन्हा लॉग दाबलास, तिथे दुसरा कंस उघडला, मग ७ आणि बरोबर. शेवटचे कंस मशीनने स्वतःच बंद मानले. म्हणजे त्याने आधी ५० ला ७ च्या लॉगने, ०.८४५१ ने, भागलं. ते आले ५९.१६. मग त्या ५९.१६ चा लॉग काढला, १.७७२१. ५० लिहिल्यावर कंस बंद करणारं बटण एकदा दाब आणि मग भाग. २.०१०४ येईल.

हा एक कंस फार मुलांचे मार्क खातो. पेपर तपासायची एवढी वर्षं झाल्यावर चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखता येते, वैद्याला नाडी कळते तशी. याच गणितात ०.८५३९ आलं असेल तर मुलाने भागायच्या ऐवजी वजाबाकी केली, किंवा ५० भागिले ७ करून त्याचा लॉग घेतला (दोन्ही एकच). ०.२४२७ आलं तर ५० चा लॉग घेऊन नुसत्या ७ ने भागलंय. ०.८७३१ आलं तर वर एक बटण आणि खाली दुसरं वापरलंय. आणि ०.४९७४ आलं तर भागाकार उलटा झालाय, ७ चा लॉग वर गेला.

त्या 'दुसऱ्या बटणा'बद्दल आणखी दोघांनी विचारलंय, म्हणून इथेच सांगते. कॅल्क्युलेटरवर दोन लॉग असतात. 'लॉग' हे १० च्या पायाचं, 'एलएन' हे ई च्या पायाचं, ई म्हणजे साधारण २.७१८२८. सातच्या पायासाठी यातलं कुठलंही चालतं. 'एलएन'ने केलंस तर ३.९१२० भागिले १.९४५९, उत्तर तेच २.०१०४. अट एकच : वर जे बटण, खालीही तेच.

हे असं का होतं, याचं उत्तर वर्गात मी फळ्यावर दोन ओळींत देत असे. सातचा क्ष घात बरोबर पन्नास. दोन्हीकडे लॉग घे. क्ष गुणिले लॉग ७ बरोबर लॉग ५०. म्हणून क्ष हा त्या दोघांचा भागाकार. पण मागच्या बाकांवर हे पोचत नसे, तेव्हा मी पाटाची गोष्ट सांगायची. चवथीला पंगत बसवायची आहे, भिंतीलगत किती पाट मावतील? भिंत विती लावून मोजलीस तर पाटही वितीनेच मोज. भिंत फुटांनी मोजलीस तर पाटही फुटांनी. दोन्हीकडे पाटांची संख्या तीच येईल. भिंत वितीत आणि पाट फुटांत मोजलेस तर मात्र पाहुणे उभे राहतील. इथे ५० ही भिंत, ७ हा पाट. दहाचा पाया ही वीत, ई चा पाया हा फूट.

काही मॉडेलांत लॉगच्या बटणावर दोन रिकाम्या चौकोनांचं चित्र असतं, एक खाली लहान, एक वर. त्यात खाली ७ आणि वर ५० भरलेस की भागाकाराची भानगडच नाही. तसं बटण असेल तर जरूर वापर. पण संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये हेच करताना सांभाळ : तिथे आधी ५० आणि मग ७ लिहायचे असतात, आणि काही कॅल्क्युलेटरवर स्वल्पविराम देऊन लिहिताना आधी पाया येतो. क्रम उलटला की तुला तेच ०.४९७४ भेटेल. फोन वापरत असलास तर तो आडवा धर, बऱ्याच फोनांत तेव्हाच लॉगची बटणं बाहेर येतात. त्यातल्या काहींवर आधी आकडा आणि मग लॉग दाबावा लागतो. आपला कुठला प्रकार आहे हे कळायला १०० चा लॉग काढून बघायचा. २ आले की समजलं.

प्रश्न : आम्ही हे सगळं लॉग टेबलवर केलं. कॅल्क्युलेटर नव्हता तेव्हा तुमचं हे 'पाया ७' कोणी विचारतही नव्हतं. मग आता मुलांना का छळता? (निवृत्त वाचक, मडगाव)

उत्तर : काका, विचारत होते. मी पणजीला बी.एस्सी.ला होते तेव्हा गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये आलं. त्या परीक्षेत असा प्रश्न आला की आमचा घामटा निघायचा. कारण तुम्हाला आठवत असेल, टेबलात १.६९९० आणि ०.८४५१ सापडले तरी त्यांचा भागाकार करायचा कसा? तोसुद्धा लॉग टेबलनेच! म्हणजे लॉगचा लॉग. १.६९९० चा ०.२३०२. ०.८४५१ चा बार १, .९२६९, तो आकड्याच्या डोक्यावर रेघ असलेला बार, म्हणजे उणे १ अधिक .९२६९. मग वजाबाकी, बारमुळे एक मिळवायचा की घालवायचा यावर शेजारणीशी नजरानजर, आलं ०.३०३३. त्याचा अँटिलॉग, म्हणजे ज्याचा लॉग हा येतो तो आकडा, २.०१०. एवढं करून चार आकडी उत्तर. माझ्या टेबलाची शेवटची पानं अँटिलॉग शोधून शोधून काळी पडली होती. तेव्हा छळाच्या बाबतीत आताची मुलं आपल्यापुढे काहीच नाहीत.

सगळ्या टेबलांचा पाया १० का, हेही तुम्ही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला विचारलंय. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले तेव्हा त्यांचा पाया १० नव्हता. हेन्री ब्रिग्ज नावाचा लंडनचा प्राध्यापक ते पुस्तक वाचून १६१५ मध्ये त्याला भेटायला एडिंबरोला गेला. त्या काळी तो प्रवास म्हणजे दिवसचे दिवस. १ चा लॉग शून्य आणि १० चा लॉग एक ठेवू, म्हणजे हिशेब सोपा होईल, असं दोघांचं ठरलं. ब्रिग्जने १६१७ मध्ये पहिल्या हजार आकड्यांचे लॉग छापले आणि १६२४ मध्ये तीसेक हजार आकड्यांचे, चौदा चौदा दशांश स्थळांपर्यंत, सगळे हाताने. दहाच्या पायात सोय अशी की ५, ५०, ५०० या सगळ्यांच्या लॉगचा दशांशापुढचा भाग एकच, ६९९०. एकाच पानावर सगळे मावतात. सातच्या पायाचं टेबल छापलं असतं तर ही सोय गेली असती. म्हणून तेव्हाही आणि आताही भागाकाराचाच रस्ता.

प्रश्न : यजमानांच्या निवृत्तीचे काही पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवायचे आहेत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दहा वर्षांत दुप्पट. आमचा मुलगा मोबाइलवर लॉग करून म्हणतो, सव्वादहा वर्षं लागतील, बँकवाला फसवतोय. घरात दोन दिवस वाद चालू आहे. (गृहिणी, पेडणे)

उत्तर : वहिनी, वाद मिटवा, दोघंही बरोबर आहेत. हाही अनोळखी पायाचाच लॉग आहे, फक्त पाया कुठला यावर गाडी अडलीय.

तुमच्या मुलाने वर्षातून एकदा व्याज धरलं. दर वर्षी रक्कम १.०७ पट होते, दुप्पट व्हायला १.०७ चा कितवा घात हवा? लॉग २ भागिले लॉग १.०७, म्हणजे ०.३०१०३ भागिले ०.०२९३८४, १०.२४ वर्षं. पण आपल्याकडच्या बँका मुदत ठेवीचं व्याज सहसा दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात. सातचे चार भाग केले की तिमाहीला पावणेदोन टक्के, पाया १.०१७५. लॉग २ भागिले लॉग १.०१७५ करा : ३९.९५ तिमाह्या. चाळीस तिमाह्या म्हणजे दहा वर्षं. काउंटरवरच्या मुलाने बहुधा पाठ केलेलं वाक्य म्हटलं, पण ते खरं आहे. एक लाखाचे चाळीस तिमाह्यांनी २ लाख आणि वर दीडशे रुपयांच्या आसपास होतात. (व्याजावरचा कर वेगळा, तो या हिशेबात नाही.) तिप्पट कधी, तर लॉग ३ भागिले लॉग १.०१७५, साडेत्रेसष्टला थोडं कमी, म्हणजे पावणेसोळा वर्षं उलटून गेल्यावर.

मुलाला एक सांगा. लॉग १.०१७५ हा ०.००७५३४ असा चिमुकला आकडा आहे. तो कागदावर उतरवताना कोणी ०.००८ असा 'गोल' करून टाकला तर उत्तर साडेसदतीस तिमाह्यांवर येतं, म्हणजे सात महिने हवेत गेले. मधला आकडा कागदावर घेऊच नये, मशीनमध्येच पुढे न्यावा.

प्रश्न : पाया १ ठेवला तर कॅल्क्युलेटर एरर देतो, −२ ठेवला तरी एरर, पण १/२ ला मात्र ८ चा लॉग −३ देतो. लॉग निगेटिव्ह कसा? (बारावीची विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर : अर्ध्याचा घात वाढवत गेलीस की आकडा लहानच होत जातो. आठपर्यंत चढायचं तर उलट्या पायऱ्या, तीन. म्हणून −३. एकचा कितीही घात केलास तरी एकच, त्याने आठ कसे गाठणार? मशीनच्या भाषेत, १ चा लॉग शून्य आणि शून्याने भागता येत नाही. −२ च्या लॉगलाच मशीन नकार देतं, मग भागाकार तर पुढची गोष्ट. −२ चा तिसरा घात −८ येतो हे खरं, पण अडीचावा घात काढून बघ, तिथेच सगळं ढासळतं. म्हणून पाया धन आणि १ सोडून, एवढं पाठ कर.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमचे बुवा म्हणतात, पेटीचा गंधार (ग) खुपतो, पंचमाला (प) मात्र तक्रार नाही. नातवाने सांगितलं की पेटीवर एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत स्वर (त्याची कंपनसंख्या) १.०६ पट चढतो, आणि शुद्ध पंचम षड्जाच्या (सा) दीडपट. म्हणून मी १.०६ च्या पायाला १.५ चा लॉग काढला, ६.९६ आला. पट्ट्या तर सात. म्हणजे पेटीचा पंचमही चढाच की! बुवांना सांगू का? (एक पेटीवाला, साखळी)

उत्तर : अजून सांगू नका. बुवांचे कान तुमच्या आकड्यापेक्षा चांगले आहेत.

तुमचं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवून उठले, कारण इतका देखणा अनोळखी पाया मला कोणी पाठवला नव्हता. तुमची रीत बिनचूक आहे, पाया तेवढा खरखरीत आहे. तपासायची युक्ती सांगते. षड्जापासून तार षड्ज बरोबर दुप्पट आणि मध्ये बारा पावलं. तेव्हा १.०६ चा बारावा घात २ यायला हवा. काढून बघा, २.०१२ येतो. म्हणजे तुमची पेटी तार षड्जालाच बेसूर झाली! खरा पाया आहे दोनचं बारावं मूळ, १.०५९४६३ आणि पुढे न संपणारा. हा आकडा लिहायच्या फंदात न पडता सरळ १२ गुणिले लॉग १.५ भागिले लॉग २ करा. येतात ७.०१९६.

बघा, नुसत्या गोलाईने निकालच उलटला. १.०६ ने पेटीचा पंचम चढा ठरत होता, खऱ्या पायाने तो शुद्ध पंचमापेक्षा कणभर उतरलेला निघतो, एका पट्टीच्या अंतराचा जेमतेम पन्नासावा भाग. एवढ्याची तक्रार बुवा करणार नाहीत, आणि त्यांनी केलीही नाही. तुमच्या पेटीतल्या पितळी सुरांवर मळ चढला असेल तर त्याचा फरक याहून मोठा असेल.

आता गंधार. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट, ५ भागिले ४. नीट लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात जो आपोआप ऐकू येतो, तोच. १२ गुणिले लॉग १.२५ भागिले लॉग २ केलं की ३.८६३ येतं. आणि पेटीवर पांढरी एकला षड्ज धरला तर गंधार पांढरी तीनवर, मोजून चार पावलांवर. म्हणजे पट्टी शुद्ध गंधारापेक्षा ०.१३७ ने चढी, पावलाचा सातवा हिस्सा. पंचमाच्या फरकाच्या सातपट. तानपुरा चालू असताना हे कोणाही सुरेल माणसाला टोचतं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. त्यामागे परदेशी वाद्य म्हणूनही राग होता, पण सूर पट्टीला बांधलेले, त्यांना हलवता येत नाही, ही तक्रार या ०.१३७ एवढी खरी होती.

माझा भाऊ चवथीच्या आरत्यांना पेटी धरतो. त्याला मी हा आकडा दाखवला तर म्हणाला, "गंधारावर मी भाता जरा हळू सोडतो, गाणाऱ्याच्या आवाजाखाली तो झाकला जातो." तुम्हीही करून बघा, आणि बुवांना पंचमाबद्दल काही बोलू नका.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना एक विनंती. 'उत्तर चुकतं' एवढंच लिहू नका. पहिल्या बटणापासून बरोबरच्या बटणापर्यंत काय काय दाबलं ते ओळीने लिहा, कंसांसकट, आणि पडद्यावर आलेला आकडा सगळा उतरवा. डिचोलीच्या मुलाने तसं केलं होतं म्हणूनच त्याचा हरवलेला कंस मला फोंड्यात बसून सापडला.